परसातील कोंबड्या आणि घराचे आरोग्य

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग गाव लागते. तेथे सकाळी एखाद्या गल्लीतून फिरले, तर अनेक अंगणांत एकच दृश्य दिसेल. खुराड्याची फळी सरकते, पाच-सात कोंबड्या फडफडत बाहेर पडतात आणि घरची बाई मूठभर ज्वारी किंवा कण्या फेकते. दिवसभर त्या उकिरडा उकरून किडे टिपतात आणि दिवेलागणीला आपण होऊन परततात. खर्च थोडा, आणि अडीनडीला एखादी विकली की हाती पैसा येतो. घार, मुंगूस आणि बोका यांच्या तडाख्यातून उरतील तेवढी पिल्ले आपली, असा हा हिशेब असतो.

मात्र या कोंबड्यांचा घराच्या आरोग्याशी दुहेरी संबंध आहे. त्या पोषण देतात, तसेच निष्काळजीपणा झाला तर आजारही देतात. दोन्ही बाजू समजून घेऊ.

अंडे आधी मुलाच्या ताटात

गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. तिचे अंडे लहान असले तरी त्यात सुमारे 5 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. पिवळ्या बलकात अ जीवनसत्त्व असते, ते डोळ्यांना उपयोगी पडते. भाकरी आणि वरण यांवर वाढणाऱ्या मुलाला अंड्याची जोड मिळाली, तर वाढीला चांगला हातभार लागतो. अडचण अशी, की गावरान अंड्याला भाव चांगला, म्हणून अंडी बाजारात जातात आणि घरातले किरकोळ प्रकृतीचे मूल तसेच राहते. विकायचे तर जरूर विका. पण लहान मूल आणि गरोदर बाई यांचा वाटा आधी बाजूला काढा. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न घेणाऱ्या बाळालाही नीट उकडलेले अंडे कुस्करून थोडे थोडे देता येते.

कच्चे अंडे दुधात घालून पिण्याने ताकद येते, हा समज चुकीचा आहे. कच्च्या अंड्यातून हगवण आणि ताप आणणारे जंतू पोटात जाऊ शकतात, शिवाय कच्चे प्रथिन नीट पचत नाही. पांढरा व पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत अंडे उकडावे. साठवायची अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत. पाण्यात टाकल्यावर तरंगणारे अंडे शिळे समजावे.

मानमोडी आणि लस

एका आठवड्यात सगळे खुराडे रिकामे झाले, ही तक्रार खेड्यापाड्यांत नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण असते मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे 1927 साली तो आढळला, म्हणून हे नाव. कोंबडीला हिरवट हगवण लागते, ती तोंड उघडून श्वास घेते, मान पिळवटते, पाय लुळे पडतात. यावर औषध नाही. आधी टोचलेली लस हाच उपाय. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले, की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. सुमारे आठ आठवड्यांनी आर टू बी लस टोचतात.

मग लस का दिली जात नाही? एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची लस असते. ती बर्फात आणावी लागते आणि तयार केल्यावर दोन-एक तासांत संपवावी लागते. एकट्या घरच्या आठ कोंबड्यांसाठी कुपी फोडणे परवडत नाही. यावर तोड एकच : गल्लीतील दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवावा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवावे आणि त्या दिवशी सकाळी कोंबड्या खुराड्याबाहेर सोडू नयेत.

मलूल कोंबडी कापू नये

खरा धोका येथेच आहे. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली, की 'मरण्याआधी कापलेली बरी' असा विचार होतो. नुकसान सोसवत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण अशी कोंबडी कापताना, पिसे उपटताना आणि आतडी काढताना जंतू हाताला, डोळ्यांना व नाकातोंडाला लागतात. मांस पूर्ण शिजल्यावर जंतू मरतात हे खरे; परंतु संसर्ग शिजण्याआधीच होऊन गेलेला असतो. राणीखेतने माणसाचे डोळे लाल होऊन चुरचुरतात, हा त्रास सौम्य असतो. बर्ड फ्लूचे तसे नाही.

भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथम 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या. माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकते. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या किंवा गावातील कावळे मरू लागले, तर ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नये. कुत्री आणि कावळे रोग पसरवतात. हाताला पिशवी बांधून तो उचलावा, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा आणि हात साबणाने धुवावेत. आजारी पक्षी हाताळल्यानंतर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आवर्जून सांगावी. विचारले नाही तरी सांगावी.

खुराडे घराबाहेर हवे

चोरी व मुंगसाच्या भीतीने रात्री कोंबड्या झोपण्याच्या खोलीत डालग्याखाली ठेवतात. सकाळी त्याच जमिनीवर रांगणारे मूल विष्ठेला लागलेले बोट तोंडात घालते. मुलाच्या वारंवारच्या हगवणीचे एक कारण असे घरातच असू शकते. भिंतीला लागून, पण घराबाहेर, जाळी व कडी असलेले खुराडे करावे. रोज झाडून विष्ठा खतात टाकावी. झाडताना नाकाला फडके बांधावे. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांवर झाकण असावे.

गोचीड व उवा झाल्या, की काही जण पिकावरचे औषध खुराड्यात फवारतात. हे विष कोंबडीच्या अंगी, तेथून अंड्यात आणि मग आपल्या पोटात येते. खुराड्याच्या फटी लिंपून चुना द्यावा, आणि अंगणात राख व कोरडी माती ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात. पेरणीसाठी औषध चोळलेली ज्वारी कोंबड्यांना कधीच घालू नये.

आपला उन्हाळा

सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळीसच्या वर जातो. कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळात 41 अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंग थंड करते. पत्र्याच्या खुराड्यात दुपारी कोंडलेली कोंबडी म्हणूनच दगावते. खुराड्यावर पाचट किंवा ओले पोते टाकावे. लिंबाच्या सावलीत मातीच्या परळात पाणी ठेवावे व ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे. दाणा सकाळी लवकर व संध्याकाळी द्यावा.

थोडक्यात : घरचे अंडे घरच्या मुलाला द्या, लस गल्लीने मिळून घ्या, खुराडे घराबाहेर ठेवा आणि कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. कोंबडी मलूल दिसली तर ती इतरांपासून वेगळी करा, पण चुलीवर चढवू नका. एका कोंबडीचे नुकसान भरून निघते, घरच्या माणसाचे नाही.