सुवाह्य जनित्राची निवड : गावासाठी आणि घरासाठी

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. विजेचे खांब उन्मळून पडले, तारा तुटल्या, आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि त्यानंतर जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड परिसरात महापुराने हाच अनुभव दिला. अशा प्रसंगी दिवा नसणे ही त्यातल्या त्यात लहान अडचण ठरते. नळयोजनेचा पंप बंद पडतो, आरोग्य केंद्रातील लसींची काळजी लागते, मोबाइल बंद पडल्याने तालुक्याशी संपर्क तुटतो. साहजिकच आपत्तीनंतर गावोगावी एकच सूर निघतो : "एक जनरेटर घेऊन ठेवायला हवा."

सूर योग्य आहे. परंतु घाईने घेतलेले जनित्र बहुधा दोहोंपैकी एका कारणाने निरुपयोगी ठरते. एक तर ते अपुरे पडते, किंवा गरजेपेक्षा फार मोठे असल्याने इंधन खात राहते. चुकीच्या रीतीने जोडलेले वा चुकीच्या जागी ठेवलेले जनित्र तर जीवघेणेही ठरू शकते. म्हणून ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी या यंत्राची किमान माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

जनित्राचे कार्य

चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरविले असता त्यात वीज निर्माण होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. आजचे लहान जनित्र त्याच तत्त्वावर चालते. एक इंजिन आणि त्याला जोडलेला विद्युत-उत्पादक भाग, अशी त्याची साधी रचना असते. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. ही वारंवारता मिळविण्यासाठी दोन ध्रुवांच्या जनित्राचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे आणि चार ध्रुवांच्या जनित्राचे १५०० फेरे घेते. उचलून नेता येणारी बहुतेक यंत्रे ३००० फेऱ्यांची असतात. ती हलकी व स्वस्त असली तरी आवाज अधिक करतात आणि लवकर झिजतात. दररोज अनेक तास चालवायचे असल्यास १५०० फेऱ्यांचे, एका जागी बसविण्याचे यंत्रच विचारात घ्यावे.

अलीकडे 'इन्व्हर्टर' पद्धतीची जनित्रेही मिळतात. त्यांत निर्माण झालेली वीज इलेक्ट्रॉनिक मंडलातून जाऊन पुन्हा ५० हर्ट्झची केली जाते. त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन संथ चालू शकते, इंधन वाचते, आवाज घटतो आणि संगणकासारख्या नाजूक उपकरणांना स्थिर वीज मिळते. किंमत मात्र जास्त असते. फिरत्या आरोग्य शिबिरासाठी किंवा लॅपटॉप व प्रोजेक्टर चालविण्यासाठी हा प्रकार उत्तम. मोठा पंप चालविण्यासाठी नव्हे.

प्रथम भार मोजावा

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. कोणती उपकरणे एकाच वेळी चालली पाहिजेत, त्यांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे त्याच्यावरील पट्टीवर छापलेले वॅट लिहावेत. एका सामान्य घराचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे म्हणजे ५४ वॅट. ७५ वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५ वॅट. दूरदर्शन संच ८० वॅट. मोबाइल चार्जर ३० वॅट. आणि चालू स्थितीतील फ्रिज सुमारे १५० वॅट. एकूण बेरीज ५३९ वॅट होते.

येथेच अनेकांची फसगत होते. ५३९ वॅटसाठी ६०० वॅटचे यंत्र पुरेल, असे वाटते. पण फ्रिज, पंप, पिठाची चक्की यांत मोटर असते आणि मोटर सुरू होतेवेळी क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. फ्रिजला सुरू होताना ९०० वॅटच्या आसपास शक्ती लागते असे धरले, तर उरलेल्या ३८९ वॅटसह क्षणिक मागणी सुमारे १३०० वॅटवर जाते. म्हणून या घराला दीड ते दोन किलोवॅटचे जनित्र घेणे शहाणपणाचे ठरेल.

आता याच घरात एक अश्वशक्तीचा विंधनविहिरीचा पंप जोडावयाचा आहे, असे समजू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. परंतु ती पंपाच्या मोटरने द्यावयाची शक्ती होय. मोटर स्वतः वीज घेते ती सुमारे ११०० ते १२०० वॅट, आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे केवळ या एका पंपासाठी चार किलोवॅटच्या आसपासचे यंत्र हवे. मोटरचा भार असल्यास चालू भाराच्या तिप्पट क्षमता धरावी, हा ढोबळ नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तसेच पंप सर्वांत आधी सुरू करावा आणि तो स्थिर चालू लागल्यावर दिवे-पंखे जोडावेत. या क्रमामुळे तेच यंत्र अधिक काम देते.

किलोवॅट आणि केव्हीए

विक्रेते कधी क्षमता किलोवॅटमध्ये सांगतात, कधी केव्हीएमध्ये. दोन्ही एकच नव्हेत. शक्तिगुणक ०.८ धरलेल्या ५ केव्हीएच्या यंत्रातून ४ किलोवॅट वीज मिळते. कित्येक लहान एक-फेज यंत्रांत मात्र शक्तिगुणक १ धरलेला असतो. म्हणून दरपत्रक मागविताना सतत देता येणारे किलोवॅट किती, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. ठळक अक्षरांत छापलेला आकडा अनेकदा कमाल क्षमतेचा असतो. तो भार यंत्र थोडा वेळच पेलू शकते. निवड नेहमी सततच्या क्षमतेवरून करावी आणि नेहमीचा भार तिच्या तीन-चतुर्थांशापर्यंत ठेवावा.

उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची शक्ती घटते. दर ३०० मीटर उंचीमागे साधारण साडेतीन टक्के घट धरतात. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी ही घट १५ टक्क्यांच्या आसपास होते. सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांनी हा हिशेब विसरू नये.

इंधन आणि खर्च

उचलून नेता येणारी यंत्रे प्रामुख्याने पेट्रोलवर चालतात. पाच केव्हीएच्या पुढे आणि दीर्घकाळ चालवायची असल्यास डिझेल यंत्र परवडते. चांगल्या भारावर लहान पेट्रोल यंत्र एका लिटरमध्ये साधारण दीड ते दोन युनिट वीज देते. डिझेल यंत्र सुमारे तीन युनिट. पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपये धरला, तर केवळ इंधनापोटी एका युनिटला ५० ते ६५ रुपये पडतात. भार अगदी कमी असेल तर हा खर्च आणखी वाढतो, कारण रिकामे फिरतानाही इंजिन इंधन जाळतेच. दोन दिवे लावण्यासाठी पाच केव्हीएचे यंत्र चालविणे म्हणजे पंचायतीचा पैसा धुरात उडविणे होय.

म्हणूनच गरज केवळ दिवे, पंखे व मोबाइल एवढीच असेल, तर बॅटरी-इन्व्हर्टर किंवा लहान सौर संच अधिक योग्य ठरतो. जनित्र हे मोटरच्या भारासाठी आणि लांबलेल्या खंडासाठी राखून ठेवावे. ते अखंड चालविण्याचीही नेहमी आवश्यकता नसते. लसी +२ ते +८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. पण त्यासाठी वापरले जाणारे बर्फाच्या अस्तराचे शीतपेटी-यंत्र दिवसाला सलग आठ तास वीज मिळाली तरी तापमान टिकवू शकेल, अशाच बेताने बनविलेले असते. घरचा फ्रिजही दार बंद ठेवल्यास सुमारे चार तास थंडावा धरून ठेवतो. जनित्राच्या तासांचे वेळापत्रक आखले, की अर्धे इंधन वाचते.

पेट्रोलचा साठा ही जोखीम आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच ठेवण्याची मुभा १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात आहे. ते घट्ट झाकणाच्या मजबूत धातूच्या डब्यात, राहत्या खोलीपासून व चुलीपासून दूर ठेवावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओल शोषून घेते; म्हणून ते टाकीत महिनोन्‌महिने पडू देऊ नये.

दोन प्राणघातक चुका

पहिली चूक धुराची. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे बांधला जातो आणि शरीर प्राणवायूला मुकते. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे. झोपेतील माणसाला तीही जाणवत नाहीत. पावसात यंत्र भिजू नये म्हणून ते पडवीत, जिन्याखाली किंवा गोठ्यात ठेवण्याकडे आपला कल असतो. नेमके हेच करू नये. खिडक्या उघड्या ठेवल्याने धोका टळत नाही. यंत्र घरापासून किमान २० फूट दूर, धुराचे तोंड दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेस करून ठेवावे. पावसासाठी चारही बाजूंनी मोकळे असे केवळ छप्पर उभारावे. कोणास गुंगी वा डोकेदुखी जाणवल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे.

दुसरी चूक जोडणीची. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनित्राची वीज घरातील एखाद्या सॉकेटमध्ये सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तेव्हा ही वीज मीटरमधून उलट बाहेरच्या तारांत जाते. गावातील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला देते. उलट दिशेने आलेल्या विजेचा दाब तेच रोहित्र चढवून ११,००० व्होल्टपर्यंत नेऊ शकते. वादळानंतर तुटलेली तार जोडण्यासाठी खांबावर चढलेला लाइनमन ती तार मृत आहे असे समजत असतो. आपल्या घरातील एका दिव्यासाठी त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून इमारतीच्या तारांना जनित्र जोडायचे असल्यास परवानाधारक तंत्रज्ञाकडून फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विच बसवूनच जोडावे. तशी सोय नसेल तर उपकरणे वेगळ्या वायरने थेट जनित्रालाच जोडावीत.

फिरत्या कामासाठी

शिबिर, सर्वेक्षण, रस्त्याकडेची दुरुस्ती अशा कामांसाठी वजन, चाके व आवाज यांस महत्त्व येते. लांब वायरमुळे विद्युतदाब घटतो हेही ध्यानात घ्यावे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ५० मीटर अंतरावर १० अँपिअर प्रवाह नेला तर सुमारे १२ व्होल्ट वाटेतच नष्ट होतात. अशा वेळी अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरावी. ओल्या जमिनीवर काम करताना ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचा सुरक्षा-स्विच बसवावा. मात्र जनित्राचा न्यूट्रल सांगाड्याशी व भूसंपर्काशी योग्य रीतीने जोडला आहे ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे, अन्यथा तो स्विच अपेक्षित संरक्षण देत नाही.

खरेदी आणि निगा

यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी ते आपल्याच पंपावर किंवा आपल्याच फ्रिजवर अर्धा तास चालवून पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकांनुसार मान्यता असल्याची पट्टी यंत्रावर आहे की नाही, जवळच्या गावात दुरुस्तीची सोय व सुटे भाग मिळतात की नाही, तेल कमी होताच इंजिन आपोआप थांबते की नाही, हे पाहावे. किमतीत हजार-दोन हजार रुपयांची बचत करून दुरुस्तीसाठी यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले, तर ती बचत कसली?

नव्या इंजिनाचे तेल साधारण पहिल्या २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी किंवा निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे बदलावे. इंधन भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. महिन्यातून एकदा यंत्र पंधरा-वीस मिनिटे भारासह चालवावे आणि त्याची नोंद वहीत तारखेसह करावी. कार्यालयाच्या कोपऱ्यात वर्षभर कापडाखाली झाकून ठेवलेले जनित्र वादळाच्या रात्री दोरी ओढून सुरू होईल, ही आशा व्यर्थ होय.

प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच्या सभेत तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात : वीज गेल्यास जनित्रावर प्रथम काय चालवायचे, ते कोण चालविणार, आणि त्याची जागा कोणती. पाणी, लस आणि संपर्क या क्रमाने यादी केली, एका प्रशिक्षित व्यक्तीकडे व तिच्या बदली व्यक्तीकडे जबाबदारी सोपविली आणि चेंजओव्हर स्विच आधीच बसवून घेतला, की संकटाच्या वेळी वाद होत नाहीत. यंत्र लहान का असेना, त्यामागे विचार असेल तर अंधाराच्या त्या पहिल्या रात्रीही गावाच्या टाकीत पाणी चढेल आणि सकाळी खांबावर चढणारा लाइनमन सुखरूप खाली उतरेल.