मण्यार चावली तर आधी श्वास सांभाळा



या पानावर एरवी लागण, खोडवा नि खताचे हप्ते असतात. आजचा विषय वेगळा, पण आपल्याच फडातला. वस्तीवर भुईला निजणारा गडी आणि कोप्यांत राहणारी तोडणीची टोळी, यांना मण्यार चावते ती बहुधा रात्री, झोपेतच.

चावल्याचे कळतच नाही, हीच खरी अडचण. दात बारीक, सूज नाही, आग नाही. पहाटे माणूस पोटात कळा येतात म्हणून उठतो, आपण ओवा-सोडा देतो. मग पापण्या जड होतात, जीभ बोजड होते, थुंकी गिळवत नाही. हे विष मज्जातंतूचा स्नायूला जाणारा निरोप तोडते. मोटार धड, पण वायर तुटलेली, तसे समजा. हृदय चालू असते, छाती मात्र हलायची थांबते. म्हणजे माणूस हवेवाचून जातो.

१०८ ला फोन करा. कापू नका, करकचून बांधू नका, तोंडाने काही पाजू नका. ते श्वासनळीत उतरते. डाव्या कुशीवर निजवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. श्वास थांबत आला, ओठ निळे पडले, तर उताणे करून तोंड पुसा, कपाळ मागे नि हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने हवा फुंका. दर ५-६ सेकंदांनी एकदा. प्रत्येक वेळी छाती वर आली पाहिजे. दमलात तर दुसऱ्याने करावे, पण खंड नको. रोग्याच्या लाळेतून आपल्याला विष चढत नाही, ती भीती सोडा. नाडीच लागत नसेल तर छातीही दाबावी लागते.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविषाची लस एकच. ती लवकर मिळालीच पाहिजे; पण मण्यारीने एकदा तंतूचे टोक बिघडवले की लसीने ते लगेच सुधारत नाही. ते सावरायला दिवस लागतात. तोवर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर श्वास चालवतात. म्हणून निघतानाच विचारा, दवाखान्यात व्हेंटिलेटर आहे का?

आणि एक. असा रोगी डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, कधी बाहुलीही उजेडाला दाद देत नाही. तरी त्याला सगळे ऐकू येत असू शकते. “आता काही राहिलं नाही” म्हणून घरी न्यायची घाई होते ती इथेच. नेऊ नका. श्वास चालू ठेवला तर असली माणसे उठून घरी येतात.

टोळी उतरली की मुकादमाला सांगून कोप्यांत मच्छरदाण्या लावून घ्या, कडा अंथरुणाखाली नीट खोचून. खाट असेल तर उत्तमच.

— ऊस विकास अधिकारी