तिचे पाय, तुझी फरशी

फरशी कशानं पुसतेस, ते आधी सांग. मांजर दिवसभर पाय कामून चाटायलीय असं तू विचारलंस आणि तुझ्या ताईची गाडी फरशीवर घसरली, म्हणून हसू नकोस. नांदेडच्या तुझ्या त्या घरात शहाबादी फरशी, तिच्यावर सकाळ-संध्याकाळ फिनाईलचं पोतेरं, आणि त्याच फरशीवर ही बया अनवाणी हिंडते. मग कोपऱ्यात बसून तेच पाय जिभेनं पुसते. तुझ्या बादलीतलं पाणी शेवटी तिच्या पोटात जातं, बाई.

चाटण्यानंच घाबरून जाऊ नकोस. मांजरीचा तो रोजचा धंदाच आहे. कानामागं, डोळ्यांवर तिची जीभ पोचत नाही. म्हणून ती आधी पंजा ओला करते आणि त्यानं तोंड पुसते. खाऊन झालं की हमखास. शिवाय मांजरीला घाम येतो तो पायाच्या गादीलाच. दवाखान्याच्या टेबलावर ओले ठसे उमटतात ना, ते भीतीनं सुटलेल्या घामाचे. पाय सतत कामात, सतत दमट. मग सतत साफही ठेवावे लागतात.

तिची जीभ हाताला खरखरीत लागते, त्याचंही कारण ऐकून ठेव. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या दोघांनी घरच्या मांजरीपासून वाघ-सिंहापर्यंतच्या जिभा तपासल्या. जिभेवरच्या काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात, असं त्यांना दिसलं. त्या पोकळीत लाळ भरते आणि थेट केसांच्या मुळाशी जाऊन पोचते. हे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. जिभेला लागलेलं थुंकून टाकणं मांजरीला जमतच नाही, ते आतच जातं. म्हणून फरशीचं विचारलं.

फिनाईलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. आपलं यकृत ती बांधून शरीराबाहेर काढतं. मांजरीच्या यकृतात त्या कामाचं विकर, म्हणजे एन्झाइम, जवळजवळ नसतंच. कुत्र्याला चालतं ते तिला का चालत नाही, त्याचं उत्तर इथं आहे. डेटॉलही त्यातलंच. ओळखायची साधी खूण सांगते: पाण्यात टाकल्यावर जे दुधासारखं पांढरं होतं, ते मांजरीच्या घरात नको. नुसतं पाणी आणि चिमूटभर साबण पुरतो. आई म्हणेल, वास आल्याशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही. मग त्या वेळी मांजर दुसऱ्या खोलीत कोंड, मागून साध्या पाण्याचे दोन हात मार, आणि खडखडीत वाळल्यावरच दार उघड. मुंग्यांसाठी मारतो त्या खडूच्या रेघाही पुसून टाक. वर्षाचं धान्य भरताना कोठीत ठेवायच्या गोळ्या तर माणसालाही घातक, त्या खोलीत तिला पाऊलही टाकू देऊ नकोस.

मामांच्या शेतावर नेलीस तर आणखी एक. सोयाबीनवर फवारणी झाली की पंप अंगणातच धुतात आणि मांजर त्या ओल्यातून चालत येते. तशी आली तर तिला चाटू देऊ नकोस, टॉवेलात गुंडाळ. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पाय नीट धुऊन पूस, आणि दवाखाना गाठ. मीठपाणी पाजून ओकारी काढायला कुणी सांगेल, ऐकायचं नाही. लाळ गळणं, थरथर, झोकांड्या असं काही दिसलं तर सकाळची वाट बघत बसू नकोस.

आता चाटण्याकडं वळू. चारही पाय आळीपाळीनं, निवांत, मग झोप, हे ठीक. एकच पाय, त्यातही बोटांमधली एकच जागा, आणि चाटताचाटता ओढून चावणं, हे ठीक नाही. आपल्याकडं पहिला संशय काट्याचा घ्यायचा. सराटे काय, वेड्या बाभळीचा काटा काय, आणि सगळ्यात वाईट गवताचं कुसळ. काटा एका जागी राहतो तरी. कुसळ बोटांच्या बेचक्यातून आत सरकत जातं, वरची जखम मिटते आणि आत पू धरतो. वर दिसत असेल तर चिमट्यानं हळूच ओढ. दिसत नसेल तर सुईनं कोरू नकोस, ते डॉक्टरांचं काम. पावसाळ्यात काळी माती बोटांत भरून वाळते आणि कातडी ताणते. कोमट पाण्यात पाय धरलास की भिजून सुटते. डांबर लागलं तर गोडं तेल चोळ, मग साबण. रॉकेल नको. शेजारी बांधकाम सुरू असेल तर ओल्या सिमेंटचं विशेष जप, त्यानं गादी भाजते.

भाजण्यावरून उन्हाळा आठवला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारच्या पत्र्यावर आपण तळवा टेकवू शकत नाही, आणि ती त्यावरून धावत जाते. गादी सोलली तर ती दिवसभर चाटणारच. दुपारी तिला घरातच ठेव, माठाखाली ओलं गोणपाट टाक, ती आपोआप तिथं जाऊन पसरेल. उन्हात ती अंग जास्त चाटते, लाळ वाळताना गारवा मिळतो म्हणून. पण तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली, तर तो उन्हाळ्याचा लाड समजू नकोस, तिला ऊन लागलंय.

दोन-चार पाय एकदम लाल आणि खाज सुटलेली असेल तर पिसवा बघ. केस मागं सारलेस की काळी भुकटी दिसते. ती ओल्या कापसावर ठेव, तांबडी उतरली तर पिसवाच. पण औषध मांजरीचंच आण. कुत्र्याच्या पिसवांच्या औषधात पर्मेथ्रिन असतं कधीकधी, त्यानं मांजर मरते. पायावर गोल टक्कल, कडेला कोंडा, असं दिसलं तर गजकर्ण असू शकतं. ते तुला आणि आईलाही होईल, तेव्हा उशाशी घेऊन झोपणं काही दिवस बंद. गादी फुगून पिठाच्या गोळ्यासारखी मऊ पडली, तर तो वेगळा आजार, प्रतिकारशक्तीच्या गोंधळाचा. तिथं घरगुती काहीच चालत नाही.

काहीच सापडलं नाही तर घरात काय बदललं ते आठव. नवं घर, नवं पिल्लू, लग्नाचे पाहुणे, दिवाळीचे फटाके. भेदरलेली मांजर केस जाईपर्यंत चाटते. पण हे अनुमान शेवटी काढायचं, आधी दुखणं नाही याची खात्री. म्हाताऱ्या मांजरी दुखरा सांधाही असाच चाटत बसतात, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

नखांचं काय, तर घरातल्या मांजरीची दर दोन-तीन आठवड्यांनी बघ. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पेंगत असताना गादी हलकेच दाबलीस की नख बाहेर येतं; पुढचं पारदर्शक टोक तेवढं काप, आतला गुलाबी भाग सोड, तिथं रक्त असतं. आतल्या अंगाचं वरचं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, आणि म्हातारपणी वळून गादीतच घुसतं. ते विसरू नकोस. बाहेर हिंडणारीची नखं मात्र राहू दे, कुत्रं मागं लागलं तर झाडावर चढायला तेवढंच आहे तिच्याकडं. नखं घासायला एका फळीला गोणपाट ठोकून दे. लातूरच्या मार्केट यार्डातल्या मांजरी तुरीच्या पोत्यांवर नखं कशी चालवतात, बघितलंयस ना? तिला तेच आवडतं. खाली नखाच्या टोपणासारखं काही पडलेलं सापडेल, नख तुटलं म्हणून रडू नकोस, जुनं साल असतं ते.

आपलं कुठलंही मलम तिच्या पायाला लावायचं नाही, दुखण्यावरचं तर नाहीच. पाच मिनिटांत ते पोटात असतं. आणि पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

डॉक्टरांचं म्हणशील, तर आपला मुलूख देवणी आणि लाल कंधारी गाईंचा. इथले जनावरांचे डॉक्टर खुरात पटाईत, मांजरीचा पंजा त्यांच्या हाती अलीकडं यायला लागला. पण नांदेड-लातूर दोन्ही शहरांत आता कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत, आणि अवघड दुखणं असेल तर उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. झाकणाच्या टोपलीत ने, भाजीच्या पिशवीत नको. घरी चाटतानाचा व्हिडिओ काढून ने, कारण दवाखान्यात ती मूर्तीसारखी बसेल आणि डॉक्टर तुलाच विचारतील, हिला झालंय तरी काय.

एवढं सगळं करताना ती तुला ओरबाडणार, हे धरून चाल. दुखऱ्या पायाला हात लावलेला कुणाला आवडतो? पण पंजा चाटलेला असतो, नखाला लाळ असते. रेबीजची लस तिला दिलीय का ते कार्डावर बघ. ओरखडा आला की वाहत्या नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धू, हळद-चुना काही भरू नकोस, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. घरचीच मांजर आहे, काय होतंय, असं आई म्हणेल. तिलाही सोबत घेऊन जा, म्हणजे पुढच्या इंजेक्शनच्या तारखा तिच्याच लक्षात राहतील.