भिंतीतले पाणी आणि भिंतीवरची बुरशी

श्रावण-भाद्रपदात कपाटातली चामड्याची चप्पल बाहेर काढली, की तिच्यावर हिरवट-पांढरी लव आलेली दिसते. शिळ्या भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत आणि जुन्या घराच्या भिंतीच्या कोपऱ्यातही याच सुमारास काळे-हिरवे ठिपके उमटतात. आपण ते फडक्याने पुसतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते पुन्हा हजर होतात. भाकरी फेकून देता येते; भिंत फेकून देता येत नाही. मग पुसलेली बुरशी पुन्हा पुन्हा का येते? या प्रश्नाचे उत्तर भिंतीवर नसते, भिंतीच्या आत असते. ते कसे शोधायचे, हे आपण या लेखात पाहू.

गोदाकाठचे वाडे

या अभ्यासासाठी जुन्या नाशिकसारखी जागा शोधून सापडणार नाही. गोदावरीच्या काठी, सराफ बाजार, भांडी बाजार आणि पंचवटीच्या परिसरात दाटीवाटीने वसलेली जुनी घरे आहेत. पेशवेकाळातला सरकारवाडा याच भागात उभा आहे. अशा वाड्यांची रचना साधारणपणे ठरलेली असते. खाली काळ्या पाषाणाचे जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि कडीपाट. मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या, गिलावा चुन्याचा नाही तर मातीचा.

गोदावरीला पूर आला, की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या कुठपर्यंत चढले, यावरून पुराची पातळी सांगितली जाते. १९६९ चा महापूर जुनी मंडळी अजून सांगतात. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षीही पुराचे पाणी बाजारपेठेत शिरले. नदीचे पाणी दोन दिवसांत ओसरते, गाळ उपसला जातो, दुकाने उघडतात. पण भिंतीने जे पाणी पिऊन घेतले, ते तिच्यातून बाहेर पडायला किती काळ लागतो? युरोपातील बांधकाम करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे : ओली भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला एक महिना. त्या हिशोबाने १८ इंची भिंतीला दीड वर्ष लागेल! आपल्याकडे ऊन अधिक असल्याने भिंत लवकर सुकेल, हे खरे. पण ‘पूर ओसरला म्हणजे घर कोरडे झाले’ असे मानणे चूक आहे, एवढे यावरून कळते.

बुरशीला काय हवे असते?

बुरशीला वनस्पतीसारखे हरितद्रव्य नसते, म्हणून तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे बारीक तंतू लाकूड, कागद, खळ, कापड किंवा भिंतीवरची धूळ यांवर पसरतात, विकरे सोडून ते पदार्थ बाहेरच पचवतात आणि मग शोषून घेतात. पुनरुत्पादनासाठी ती बीजाणू तयार करते. घरात आढळणाऱ्या बुरशींचे बहुतेक बीजाणू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे असतात आणि वाऱ्याबरोबर सर्वत्र तरंगत असतात. तुम्ही हे वाचत असताना आत घेतलेल्या श्वासातही थोडे बीजाणू गेलेच असतील.

म्हणजे बीजाणू सर्वत्र आहेत, अन्न प्रत्येक घरात आहे, उबही आहे. मग प्रत्येक भिंतीवर बुरशी का नाही? कारण चौथी गोष्ट, म्हणजे पाणी, प्रत्येक भिंतीत नाही. भिंतीला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली, की बहुतेक बुरशींचे बीजाणू रुजू लागतात. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली, तर बुरशीला सहसा संधी मिळत नाही. तेव्हा बुरशी ही पाण्याची बातमी देणारी आहे. फडक्याने पुसतो तेव्हा आपण बातमी पुसतो. पाणी जिथल्या तिथे राहते.

पाणी येण्याच्या तीन वाटा

*पहिली वाट खालून.* बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी अरुंद, तितकी चढण उंच. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते, तर ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत सुमारे दीड मीटर. वीट, माती आणि चुना यांत अशा असंख्य सूक्ष्म वाटा असतात. प्रत्यक्षात चढता चढता पाणी पृष्ठभागावरून उडूनही जाते, म्हणून ओल बहुधा मीटरभर उंचीपर्यंत दिसते. काळा पाषाण फारसे पाणी शोषत नाही, पण दगडांच्या सांध्यांतली माती शोषते. नव्या इमारतीत जोत्यावर ओलरोधक थर घालतात. जुन्या घरात तो नसतो. शिवाय रस्त्यावर थरावर थर चढत गेले, की एके काळी उंच असलेले जोते रस्त्याच्या बरोबरीला येते. तुमच्या गल्लीत हे पाहा.

*दुसरी वाट वरून आणि बाजूने.* फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, मोरीचा गळका नळ, शेजारची भिंत पडल्याने उघडी झालेली बाजू. हा डाग पावसाच्या सरीनंतर वाढतो आणि त्याची कड तपकिरी असते.

*तिसरी वाट हवेतून.* हिची कोणाला शंकाही येत नाही. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर तिच्यात सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. ही हवा २४ अंशांपर्यंत थंड झाली, की तेवढ्याच बाष्पाने ती संपृक्त होते आणि पुढे दव पडू लागते. फरक फक्त चार अंशांचा! तळमजल्यावरची जाड भिंत, फडताळाच्या मागचा भाग किंवा हिवाळ्यात स्वयंपाकघराची बाहेरची भिंत सहज इतकी थंड असते. मग छप्पर शाबूत, नळ शाबूत, तरी भिंत ओली!

आता करून पाहा

प्रयोग १ : वीट किती पाणी पिते? एक कोरडी वीट तोला. परातीत दोन सेंटिमीटर पाणी घेऊन वीट त्यात उभी ठेवा. दर तासाला ओलीची रेघ पेन्सिलीने आखा. नंतर वीट २४ तास पूर्ण बुडवून पुन्हा तोला. साधारण बांधकामाच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे तीन किलोची चांगली वीटसुद्धा ६०० ग्रॅमपर्यंत पाणी पिऊ शकते. एका भिंतीत किती विटा असतील, याचा हिशोब करून भिंतीत मावणाऱ्या पाण्याचा अंदाज काढा.

प्रयोग २ : पाणी भिंतीतले की हवेतले? एक फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. संशयित जागा पुसून पंख्याने वरवर कोरडी करा आणि तुकड्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर ते हवेतले आहे. दोन्ही बाजूंना असतील, तर दोन्ही वाटा चालू आहेत.

प्रयोग ३ : खोलीची आर्द्रता. दोन सारखे तापमापी शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची वात गुंडाळा आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पुठ्ठ्याने हळूहळू वारा घाला व दोन्ही तापमापींची नोंद घ्या. कोरडा फुगा ३० अंश आणि ओला २५ अंश दाखवत असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्के. कोरडा २६ आणि ओला २४ असेल, तर सुमारे ८५ टक्के, म्हणजे बुरशीला आमंत्रणच! खोलीच्या मध्यभागी आणि फडताळाच्या मागे अशा दोन्ही ठिकाणी नोंद घ्या.

प्रयोग ४ : लोणा की बुरशी? भिंतीतले पाणी क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते. पाणी उडते, क्षारांचे स्फटिक उरतात. हाच लोणा. हे स्फटिक वाढताना गिलाव्याला ढकलतात आणि पोपडे सुटतात. पांढऱ्या लव्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळून दिसेनासा झाला तर लोणा. तसाच राहिला तर बहुधा बुरशी. पुढची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा डागावर दाबून काढा आणि काचपट्टीवर लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूच्या थेंबात ठेवून पाहा. तंतू आणि बीजाणूंच्या माळा दिसल्या, की शंका उरत नाही. झाडूच्या कुंच्यासारखी शाखा दिसली, तर ती पेनिसिलियम. याच वंशातल्या बुरशीवरून अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला! हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, नाकाला कापड बांधून करावा. दमा असलेल्या विद्यार्थ्यांनी बुरशीजवळ जाऊ नये.

तपासणीत काय शोधायचे?

खोलीत अन्नद्रव्याची बशी उघडी ठेवली, की दोन-चार दिवसांत तिच्यावर बुरशी उगवते. पण ती अगदी कोरड्या घरातही उगवेल, कारण बीजाणू सर्वत्र आहेत. तेव्हा नुसत्या बशीवरून घर ओले ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हवेत किती बीजाणू असले म्हणजे धोका, याचा आकडा त्यांत दिलेला नाही, कारण तो ठरवण्याइतका पुरावा नाही. ओल आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वासाची घरघर आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, मात्र हे स्पष्ट सांगून ओलच टाळावी, असा सल्ला दिला आहे.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये एका दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याला श्वसनाचा विकार जडला होता, असा निष्कर्ष २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत निघाला. मुलाच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वीच तक्रार केली होती. त्यांना त्यावर रंग मारण्यास सांगण्यात आले होते.

रंगाखाली झाकलेली ओल

आपल्याकडेही हाच उपाय केला जातो. ओल्या भिंतीवर तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवला, की दोन महिने भिंत छान दिसते. पण चुना आणि माती यांतून बाष्प बाहेर पडू शकते. तैलरंगातून व घट्ट सिमेंटमधून ते सहज पडत नाही. आत कोंडलेले पाणी मग आणखी वर चढते आणि नव्या गिलाव्याच्या वर ओलीची नवी रेघ उमटते.

आता दिवाळीआधी घराला चुना देण्याच्या चालीकडे पाहा. पावसाळ्यात ओली झालेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हाने सुकते, मग तिच्यावर चुना बसतो. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा सामू १२ च्या वर असतो. त्यात बुरशी वाढू शकत नाही. पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि त्याची धार कमी होते. म्हणून चुना दरवर्षी द्यावा लागतो. आधी सुकवणे, मग रंगवणे, हा क्रम त्या चालीत आहे. तो आपण मोडला, की घोटाळा होतो.

लाकूड बोलू लागते तेव्हा

जुन्या घरात सर्वांत मोठा धोका दिसत नाही अशा जागी असतो. तुळईचे भिंतीत गेलेले टोक आणि तळखड्यावर टेकलेला खांबाचा पाय, या दोन जागांना हवा लागत नाही. लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या खाली असेल, तर ते कुजत नाही. त्याहून बरेच वाढले आणि तसेच टिकले, की बुरशी लाकूड आतून पोखरते. मातीच्या सांध्याची भिंत ओली झाली, की तिचे वजन वाढते आणि ताकद घटते. वाडे बहुधा पावसाळ्यात कोसळतात, ते यामुळेच. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यामागेही हेच कारण आहे.

म्हणून ओळखून ठेवा : लाकडावर ठोकले असता पोकळ आवाज येणे, दाभण सहज आत जाणे, तुळई वाकणे, भिंतीला पोट येणे, तडा रुंद होत जाणे. यांपैकी काही दिसले, तर पुढचा प्रयोग करू नका. त्या खोलीतून बाहेर या, घरातल्या मोठ्यांना सांगा आणि जाणकार अभियंत्याला बोलवायला लावा.

स्वाध्याय

१. घरातील ओल्या भिंतीवर ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलीने रेघ आखून तारीख लिहा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला नवी रेघ आखा. दिवाळीपर्यंत रेघ खाली आली का? आली नसेल, तर पाणी कोणत्या वाटेने येत असावे?

२. एका मित्राच्या घरी फडताळामागे बुरशी आहे. भर उन्हाळ्यात ती नसते, पण पावसाळ्यात आणि कडक थंडीत येते. छप्पर व नळ ठीक आहेत. कारण काय असेल? कोणता प्रयोग कराल? फडताळ भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्याने काय होईल?

३. द्राक्षबागेतले शेतकरी केवडा रोग टाळण्यासाठी पाने ओली राहू नयेत, हवा खेळती राहावी, अशी छाटणी करतात. घराच्या बाबतीत याच तत्त्वाचा उपयोग कसा कराल?

शिक्षकांनी वर्गातील नोंदी एकत्र करून गावाचा किंवा पेठेचा ‘ओल-नकाशा’ तयार करून घ्यावा. नदीपासूनचे अंतर, जोत्याची उंची आणि भिंतीचा गिलावा हे तीन रकाने त्यात जरूर ठेवावेत. कोणत्या घराची भिंत सुकते आणि कोणत्या घराची सुकत नाही, हे विद्यार्थ्यांना त्या रकान्यांतून स्वतःच शोधून काढता येईल.