पाप कोणाचे?



संत योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोघांनाही त्या आरोपातून मोकळे करतो. तरी हा प्रश्न आपल्या सिरोंच्यात अजून विचारला जातो. घरभेटीला गेलो की आम्ही तो ऐकतो. मूल अपंग जन्मले की बोट आईकडे वळते. ग्रहण पाळले नसेल, कोणाची हाय लागली असेल. मग ती आई मिस्सेला आली तरी दाराजवळच बसते.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत ग्रुनेन्थाल कंपनीने थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आणले. ते अगदी निर्धोक आहे असे सांगितले जाई, म्हणून गरोदर बायकांनाही मळमळीवर दिले गेले. गर्भात हातपाय घडत असतात त्या दिवसांत एक गोळीसुद्धा घात करू शकते, हे नंतर कळले. जगभरात १०,००० हून अधिक मुले आखूड हातापायांची किंवा इतर व्यंगे घेऊन जन्मली. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागे घेतले गेले. तोपर्यंत कितीतरी आया स्वतःलाच दोष देत होत्या.

आईबाप कोर्टात गेले. १९६८ साली सुरू झालेला खटला १९७० मध्ये कोणालाही दोषी न ठरवता बंद झाला. कंपनीने १० कोटी मार्क देण्याचे मान्य केले.

सेमिनरीत शिकलेले एक प्रकरण इथे आम्हाला आठवते. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की घेतलेले परत करणे हा न्याय. पण कोणाचा हात किंवा पाय गेला तर तो परत कसा करणार? तेव्हा जमेल तितकी भरपाई करावी, पैशाने किंवा सन्मानाने. पैसा १९७० नंतर मिळू लागला. कंपनीने या कुटुंबांची जाहीर माफी मागितली ती २०१२ साली! तोवर बरेच आईबाप देवाघरी गेले होते.

आपल्या देशातही, गर्भ राहिला का हे पाहण्यासाठी जास्त मात्रेच्या हार्मोनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. बाळाला अपाय होईल या शंकेने १९८२ साली सरकारने बंदी घातली, तेव्हा कंपन्या कोर्टात गेल्या. महिला संघटना आणि काही डॉक्टर मागे हटले नाहीत. मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली.

थॅलिडोमाइड आजही आहे. कुष्ठरोगात अंगावर दुखऱ्या गाठी येऊन ताप भरतो, त्यावर ते गुणकारी आहे, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोग संपलेला नाही. ब्राझीलमध्ये कुष्ठरोग्याच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणी खाल्ल्या आणि १९६१ नंतरही तशी मुले जन्मली. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना किंवा आशाताईंना आधी सांगा. आणि डॉक्टरांची चिठ्ठी व गोळ्यांचे पाकीट चुलीत टाकू नका. आईने ती गोळी घेतली होती हे दाखवायला कागदच नव्हता, म्हणून परदेशातल्या कित्येक कुटुंबांना भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.