उसन्या चित्रांचे संकलन

विडंबन हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झाली, तेव्हा केशवकुमार या नावाने लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांनी समकालीन कवींची वृत्ते, त्यांची लाडकी शब्दकळा आणि त्यांची भावविवशता इतक्या काटेकोरपणे जतन केली होती, की त्या जतन केलेल्या घाटात भलताच विषय येऊन बसताच वाचकाला हसू आवरेना. वृत्त मोडले असते तर विडंबनही मोडले असते. जपानी ॲनिमे मालिकांतील दृश्ये जोडून त्यांचे विडंबनात्मक ट्रेलर करण्याचा छंद हल्ली आमच्या भागातील तरुणांना लागला आहे, आणि त्यांपैकी जे माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात त्यांना मी प्रथम हेच सांगतो, की ही चित्रे दुसऱ्याने दुसऱ्या हेतूने काढलेली आहेत, ती पुन्हा काढून मागता येत नाहीत, सबब त्यांच्या घाटाला शरण गेल्यावाचून त्यांच्याकडून आपले काम करून घेता येणार नाही. या कामात जो मनस्ताप होतो तो बहुतांशी एवढ्या एकाच गोष्टीतून उद्भवतो; यंत्राच्या नावाने बोटे मोडणे हा त्यातला गौण भाग होय.

मी लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करतो. आळंद आणि उमरगा यांच्या दरम्यान, सरहद्दीला लागून असलेले आमचे खजुरी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे आले. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी अशी तीन भाषांची वहिवाट आम्हांला जन्मापासून अंगवळणी पडलेली असते. जपानी चित्रे आमच्याकडे आली ती मात्र चौथ्याच वाटेने. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर मोगलीची जी ‘जंगल बुक’ मालिका लागे ती मुळात जपानी आहे आणि तिच्यातील शेरखानाला हिंदी आवाज आपल्या नाना पाटेकरांनी दिला आहे, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हते. आजच्या मुलांना ते सारे ठाऊक असते. माझ्या पुतण्याला तर ‘अटॅक ऑन टायटन’ या २०१३ साली सुरू झालेल्या मालिकेतील पात्रे आपल्या भाऊबंदांइतकी परिचित आहेत.

त्याच मालिकेवर त्याने ट्रेलर रचण्याचे मनावर घेतले. मूळ कथेत पन्नास मीटर उंचीच्या भिंतींआड मनुष्यजात जीव मुठीत धरून राहते आणि पहिल्याच भागात साठ मीटर उंचीचा एक महाकाय त्या भिंतीवरून आत डोकावतो. पुतण्याच्या कल्पनेत हा महाकाय म्हणजे वेळेआधीच दारात येऊन ठेपलेले वऱ्हाड, भिंतीआडचे भयभीत नागरिक म्हणजे वधूपक्ष, आणि भयाचे कारण एवढेच, की हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, सरत आली असून आचारी जागेवर नाही. कल्पना उत्तम होती, आजही मला ती उत्तमच वाटते. कारण पाहुण्याला कमी पडेल ही धास्ती आमच्याकडच्या घरधन्याला खरोखर प्रलयासारखी वाटते आणि मूळ चित्रांतील भीतीही तितकीच खरी आहे.

अडचण आली ती संवाद आधी आणि चित्रे नंतर, या क्रमाने. आहेराचा संवाद लिहिलेला, पण कोणी कोणाच्या हातात काही देत आहे असे दृश्य मालिकेच्या त्या भागांत सापडेना. सासरेबुवा डावीकडे पाहून बोलतात तर व्याही उजवीकडून यावेत, ते येत ना. चित्र उलटे फिरवले की दृष्टीची दिशा जुळते खरी, परंतु त्या सैनिकांच्या पाठीवर एक शुभ्र व एक निळा असे दोन पंख असलेले चिन्ह आहे. चित्र उलटताच पंखांच्या जागा बदलतात आणि मालिकेचा दर्दी प्रेक्षक, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो नेमका तिथेच बिचकतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की एकही संवाद लिहिण्यापूर्वी हाती असलेल्या दृश्यांची खतावणी तयार करावी: दृश्य कोणते, त्याची लांबी किती फ्रेम, पात्र कोणीकडे पाहते, मुख उघडे की मिटलेले, दृश्यात मूळ अक्षरे किंवा भाषांतराच्या ओळी छापलेल्या आहेत काय, आणि त्यात कोणता व्यवहार घडताना दिसतो. हे काम कंटाळवाणे आहे, तरुणांना ते कारकुनी वाटते. पण खतावणी पूर्ण झाल्यावर संवाद आपोआप सुचू लागतात आणि ते सुचतात ते चित्राच्या मापाचे. आमच्या ट्रेलरमधील सर्वांत हशा मिळवणारी जागा अशीच सापडली. एक अधिकारी नकाशावर बोट ठेवून सहकाऱ्यांना काही समजावत आहे, असे दृश्य यादीत नोंदलेले होते. पंगत कोणत्या ओळीपासून उठवायची याची मसलत त्याच्या मुखी घातली आणि एरवी कधीच न सुचलेला प्रसंग उभा राहिला.

मुखाच्या हालचालींविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. चलच्चित्रात सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात. तथापि जपानी पद्धतीत प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र क्वचितच काढतात. एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रे पुरतात. १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झालेल्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेत ओसामु तेझुका यांनी दर आठवड्याच्या मुदतीत भाग पुरा करण्यासाठी ही काटकसर, आणि जुनी चित्रे पुन्हापुन्हा वापरण्याची तजवीज, रूढ केली. बोलणाऱ्या मुखासाठी बहुधा मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे अशा तीनच आकृती असतात आणि आवाज चित्रानंतर ध्वनिमुद्रित होतो. हे कळल्यावर विडंबनकाराचा निम्मा भार उतरतो, कारण प्रत्येक अक्षर ओठांशी जुळवण्याचा अट्टाहास सोडून देता येतो. जुळवायच्या असतात त्या दोनच जागा, ओठ मिटण्याची आणि शेवटच्या उघडण्याची. प, फ, ब, भ, म ही अक्षरे मिटलेल्या ओठांवर पडली पाहिजेत, आणि वाक्य जिथे संपते तिथे मुख उघडे असेल तर शेवट दीर्घ स्वराचा हवा.

माझ्या वहिनींचा आवाज आम्ही वधूच्या आईसाठी घेतला होता. त्यांचे वाक्य होते, ‘अण्णा, आता यांच्या पानात काय वाढायचं?’ चित्रातील स्त्री मात्र ‘पानात’च्या वेळी मुख सताड उघडून उभी, आणि वाक्य संपल्यावरही किंचाळल्यासारखे तिचे मुख उघडेच. आम्ही शब्दांची कापाकापी करून पाहिली, वेग वाढवून पाहिला. आवाज चिरका झाला, एवढेच. शेवटी वहिनींनी पडद्याकडे बघत बघत आपल्या मनानेच म्हटले, ‘अण्णा, हुग्गी सरली की गाऽ!’ त्या लांबलेल्या ‘गा’वर ते उघडे मुख असे बसले, की जणू त्या बाईला मुळातच खजुरीची बोली येत होती. जपानी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे आघाताची जागाही पुष्कळदा शेवटाकडेच जुळते. या सोयीचा लाभ आपल्याकडील मुलांनी अवश्य घ्यावा, आणि लिहिलेले वाक्य कागदावरून न वाचवता बोलणाऱ्याला चित्र दाखवून त्याच्या तोंडून ते येऊ द्यावे.

ध्वनिमुद्रण रात्री उशिरा, पिठाची गिरणी बंद झाल्यावर, खोलीच्या भिंतींना वाकळा टांगून केले म्हणजे घुमारा राहत नाही.

आवाजाचा दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. मूळ मालिकेच्या प्रतीत संवाद, पार्श्वसंगीत आणि पावलांचे, भिंत कोसळण्याचे नाद एकाच ध्वनिपट्टीत मिसळलेले असतात. अधिकृत भाषांतर करणाऱ्यांना संगीत व नाद यांची संवादविरहित पट्टी निराळी मिळते. आपल्याला ती मिळत नाही. संवाद पुसावा तर त्याखालचे संगीत तुटते, संगीत ठेवावे तर मध्येच जपानी शब्द डोकावतो. संगणकाच्या साहाय्याने आवाज वेगळे काढण्याची साधने हल्ली निघाली आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो, परंतु मागे उरणारी एक पातळ, पाण्याखालून आल्यासारखी खरखर जाणत्या कानाला सहन होत नाही. त्यापेक्षा मूळ ध्वनी संपूर्णपणे काढून टाकून सारे नव्याने उभारावे असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही गावातीलच हलगी आणि सनई मुद्रित केली. दगडी उंबऱ्यावर पातेले आपटून भिंत फुटल्याचा नाद मिळवला. २००५ साली न्यूयॉर्कमधील रॉबर्ट रायंग या संकलकाने ‘द शायनिंग’ या भीतिपटाचा ट्रेलर असा जुळवला होता, की तो एखादा प्रेमळ कौटुंबिक चित्रपट वाटावा. दृश्ये मूळचीच होती, तरी निवेदकाच्या उबदार स्वराने आणि प्रसन्न गाण्याने चित्रपटाची जातच पालटली. चित्र काय दाखवते याहून ते कसले आहे हे प्रेक्षकाला कान सांगतात. म्हणून ध्वनिपट्टी आधी अखेरपर्यंत पक्की करावी, डोळे मिटून ती ऐकावी, आणि ती एकटीच तोलून उभी राहते अशी खात्री पटल्यावरच तिच्यावर चित्रे मांडावी. हास्याच्या जागी संगीताने मुळीच हसू नये. आमची हलगी युद्धाचीच वाजत राहिली.

यांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. बहुतेक जपानी मालिका नेमक्या चोवीस नव्हे, तर सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या असतात. संकलनाचा आरंभ करतानाच हा आकडा नोंदवावा, कारण त्याला चोवीस मानल्यास दोन मिनिटांच्या ट्रेलरच्या अखेरीस आवाज आणि चित्र यांत सुमारे तीन फ्रेमचे अंतर पडते आणि वर सांगितल्याप्रमाणे तीन फ्रेम म्हणजे मुखाची एक पूर्ण आकृती. मोबाइलवर मुद्रित केलेल्या दृश्यांत फ्रेमचा वेग क्षणोक्षणी बदलत असतो, ती आधी स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावीत. घट्ट दाबलेल्या फाइली जुन्या संगणकावर अडखळतात. त्यांच्या हलक्या नकला, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, करून त्यांवर काम करावे. पेन ड्राइव्ह जुन्या एफएटी३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. आणि प्रत्येक कट फ्रेमफ्रेमने तपासावा: मागल्या दृश्याची एकच फ्रेम पुढे राहून गेली तरी डोळ्यावर चमक येते, आणि ती कशाची हे प्रेक्षकाला सांगता आले नाही तरी खटकल्यावाचून राहत नाही.

देवनागरी अक्षरांचा जाच मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही, कारण तो आपल्याच वाट्याला येतो. ट्रेलरमध्ये ‘वऱ्हाड’, ‘लग्न’, ‘पंक्ती’ असे शब्द मोठ्या अक्षरांत यायचे होते. पडद्यावर जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे उभी राहिली आणि पहिली वेलांटी आपली जागा सोडून अक्षराच्या पलीकडे गेली. काही संपादन-आज्ञावलींत दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो, तोवर हा गोंधळ थांबत नाही. शिवाय छापखान्यांतून चालत आलेले जुने फाँट आणि युनिकोड यांचे परस्परांशी जमत नाही. एवढे करूनही साधले नाही, तर शीर्षके रेखाटनाच्या दुसऱ्या आज्ञावलीत तयार करून पारदर्शक चित्र म्हणून आणावीत. भयपटाच्या भव्य गांभीर्यात मोडकी वेलांटी आली की प्रेक्षक विडंबनाला नव्हे, तर आपल्या लिपीला हसतो, आणि ते मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

आता हक्कांविषयी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खासगी उपयोग, टीका व परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त अशा हेतूंसाठी केलेल्या वाजवी वापराला मुभा देते. विडंबनाचा त्यात नामनिर्देश नाही. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून रचलेल्या प्रतिनाटकाला केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली ही मुभा लागू केली होती, पण तेथे मूळ कृतीवरच टीका होती, याचे विस्मरण होऊ नये. मालिकेवर काही म्हणणारे विडंबन आणि मालिकेची चित्रे केवळ उसनी घेणारे विडंबन यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर पडू शकते. त्यातून सार्वजनिक ठिकाणी ट्रेलर ठेवताच यंत्र आपोआप तुलना करून हरकत नोंदवते आणि यंत्राला विनोद कळत नाही. आमच्या ट्रेलरवर अशी हरकत आली आणि तो खाली उतरला. चित्रे ज्यांची, त्यांचा तो अधिकार आहे, याविषयी माझी तक्रार नाही. तथापि एवढ्या श्रमांनंतर मुलाचा चेहरा उतरलेला पाहणे सोपे नव्हते. ज्यांना हे टाळावयाचे आहे त्यांनी दृश्ये अल्प घ्यावीत, संगीत स्वतःचे वापरावे, मोबदला घेऊ नये, मूळ निर्मात्यांचा ठळक उल्लेख करावा. आणि इतके करूनही काम उतरवले जाईल हे गृहीत धरून त्याची मूळ प्रत, खतावणी आणि स्वतःची ध्वनिपट्टी आपल्या दप्तरी निराळी जपून ठेवावी.

ती ध्वनिपट्टी आमच्याजवळ होती आणि ती सर्वस्वी आमची होती. पुतण्याने तिच्यावर आता आपलीच चित्रे चढवण्यास घेतले आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या एकेक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता. आमच्याकडे त्या जागी तुरीच्या काड्या आणि शेंगांची टरफले आहेत. सेकंदाला बारा चित्रे धरली तर दहा सेकंदांसाठी एकशेवीस छायाचित्रे लागतात. मोबाइल तिवईवर घट्ट बांधावा, प्रकाश आणि रंग आपोआप बदलण्याची सोय बंद करावी, खिडकी लावून घेऊन एकाच दिव्यावर काम करावे. कारण उन्हाची तिरीप सरकली की सारे दृश्य लुकलुकू लागते. वीज मध्येच जाते, म्हणून दिवा बॅटरीवरचा घ्यावा आणि प्रत्येक छायाचित्रानंतर काडी कितपत सरकवली याची नोंद वहीत करावी.