पुढचा बोल्ट खाली ओढतो!

मित्रहो, आपल्या नागपुरात वाडीला अ‍ॅल्युमिनियम संशोधनाचं अख्खं केंद्र आहे, पण हॉस्टेलात ट्रेलर म्हटलं की लोखंड आणि वेल्डिंगच! आमच्या प्रोजेक्टची फ्रेम मात्र ६०६१-टी६ची. वेल्डिंगने सांध्याजवळची जवळपास ४० टक्के ताकद जाते, शिवाय टॉर्शन अ‍ॅक्सलच्या नळीतलं रबर तापून खराब होतं. म्हणून ब्रॅकेट बोल्टनेच.

आता गंमत बघा. चाकावर भार २५० किलो, चाक नळीच्या १५ सेंमी मागे, ब्रॅकेटचे बोल्ट नळीच्या पुढे-मागे १०-१० सेंमीवर. मोमेंट घ्या (त्याला ‘आघूर्ण’ म्हणतात हे मला, कॉन्व्हेंटवालीला, इथेच कळलं). मागचं टोक फ्रेमला ३१२.५ किलोने वर रेटतं, पुढचा बोल्ट मात्र ६२.५ किलोने खाली ओढतो! खड्ड्यात तिप्पट धरा. पाट्यांची दोन्ही टोकं फ्रेमला वरच रेटतात, तेही लांब-लांब. इथे सगळं एका ब्रॅकेटपाशी. त्यामुळे पातळ चॅनलला आतून जाड पट्टी हवीच, नाहीतर पुढच्या भोकापासून तडा जाणार.

पावसाळ्यात लोखंडाला भिडलेलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं. ब्रॅकेट रंगवा, मध्ये पातळ प्लास्टिक घाला. जाड रबर नको. ते दबलं की बोल्ट ढिला. आणि पहिल्या फेरीनंतर पुढचा बोल्ट आधी तपासा.